१४९ कवट्या आणि एक मराठी मुलगी

करमाळ्याच्या कॉलेज कट्ट्यावर बसा, केमच्या स्टेशनवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत थांबा, नाहीतर कुठल्याही लग्नाच्या मांडवात जा. एक गोष्ट हमखास कानावर पडते. अमक्यांच्या रक्तातच धंदा आहे. तमक्यांच्या रक्तातच अभ्यास नाही. त्यांची डोकीच वेगळी. बोलणारा हे इतक्या सहज बोलतो, की जणू त्यानं स्वतः प्रयोगशाळेत रक्त तपासलंय.

आता गंमत बघा. केमचं कुंकू गावोगाव जातं. पण केमच्या माणसांच्या रक्तातच कुंकू आहे, असं कुणी म्हणत नाही. कारण आपल्याला दिसतं, की हे हातातून हातात गेलेलं कसब आहे. हळदीचं कुंकू कसं होतं हे लहानपणापासून बघितलेलं असतं, गावात कारखाने असतात, माल न्यायला रेल्वे असते, बाजार ओळखीचा असतो. कुंकवाच्या बाबतीत हे सगळं आपल्याला कळतं. माणसाच्या बुद्धीची गोष्ट निघाली, की मात्र आपण थेट रक्तावर येतो.

ही फक्त पारावरची समजूत असती तर एक वेळ चाललं असतं. पण शंभर वर्षांपूर्वी जगातले मोठमोठे प्रोफेसर हेच सांगत होते, आणि तेही उत्क्रांतीच्या सिद्धांताचं नाव घेऊन. त्यांच्यातल्या एका बड्या प्रोफेसराच्या संस्थेत पुण्याहून गेलेली एक मराठी मुलगी बसली, कवट्या मोजल्या आणि त्याचा अंदाज खरा नाही असं लिहून मोकळी झाली. तिचं नाव इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मित्रांनो, ‘युगान्त’च्या आधीची ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर. ते तिथं कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. तिथं शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल. त्यांच्या घरात इरावती मुलीसारखी राहिली. रँग्लर पक्के बुद्धिवादी आणि नास्तिक. घरात पुस्तकं भरपूर आणि प्रश्न विचारायला बंदी नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीला कुठलंही मोठं नाव ऐकून गप्प बसायची सवय लागत नाही.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. घुर्ये म्हणजे मालवणचे, आणि भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९२८ साली इरावतीबाईंनी एम.ए. साठी प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर. याच सुमाराला दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. दीर रघुनाथ धोंडो कर्वे, संततिनियमनाचा प्रचार करणारे, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे.

घर एवढं सुधारकी. तरी सुनेनं एकटीनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी, हे घरच्या वडीलधाऱ्यांना पटलं नव्हतं. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढलं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. वय तेवीसच्या आसपास. देश गुलाम, डोक्यावर कर्ज, भाषा परकी.

डार्विननं काय म्हटलं, लोकांनी काय ऐकलं

बर्लिनमध्ये पुढं काय झालं हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

चार्ल्स डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली आलं. त्याचं म्हणणं तसं सोपं आहे. एकाच जातीच्या सगळ्या जिवांमध्ये थोडे थोडे फरक असतात. त्यातले काही फरक आईबापांकडून पिल्लांकडं जातात. जन्माला येतात खूप, जगतात थोडे. ज्या फरकामुळं त्या ठिकाणी, त्या काळात जगणं आणि पिल्लं होणं जमतं, तो फरक पुढच्या पिढीत वाढतो. ही नैसर्गिक निवड. लाखो वर्षं हे चाललं, की एका जातीतून वेगळ्या जाती तयार होतात.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली म्हणजे इथं शिडी नाही, झाड आहे. खालच्या पायरीवर बेडूक, वरच्या पायरीवर माणूस, असं डार्विनचं चित्र नाही. बेडूकही आजच्याच काळातला आणि माणूसही. दोघं एकाच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्या. दुसरी गोष्ट म्हणजे फरक ही इथं खोट नाही. फरक नसतील तर निवड होणार कशातून? सगळा खेळच फरकांवर चालतो.

१८७१ साली डार्विननं माणसावर पुस्तक लिहिलं. सगळी माणसं एकाच जातीची, त्यांचे पूर्वज एक आणि ते बहुधा आफ्रिकेतले, असा त्याचा अंदाज होता. त्या काळात बरेच युरोपीय विद्वान गोरे आणि काळे हे मुळातच वेगळे प्राणी आहेत असं मानायचे. त्यांच्यापेक्षा डार्विन खूप पुढं होता. पण तोही आपल्या काळाचाच माणूस. युरोपीय लोक पुढारलेले आणि बाकीचे मागासलेले, ही भाषा त्याच्याही लिखाणात आहे.

लोकांनी मात्र झाड टाकून दिलं आणि शिडी उचलली. हर्बर्ट स्पेन्सरनं जो लायक तोच टिकतो, असं सूत्र काढलं आणि ते समाजाला लावलं. गरीब गरीब का, तर नालायक म्हणून. डार्विनचा नातेवाईक फ्रान्सिस गाल्टन यानं १८८३ साली सुप्रजननशास्त्र हे नवं नाव दिलं. चांगल्या बियाण्यासारखी चांगली माणसं निवडा आणि वाईट माणसांना पोरं होऊ देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. हे फक्त पुस्तकात राहिलं नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं १९०७ सालीच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला.

आपल्याकडंही हे वारं आलं. हर्बर्ट रिस्ली हा १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्यानं माणसांची नाकं मोजायचा सपाटा लावला. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. म्हणजे पट्टी घेऊन जातीची उतरंड सिद्ध करायची!

बर्लिनमधली ती संस्था

इरावतीबाई जिथं शिकायला गेल्या ती बर्लिनच्या डालेम भागातली कैसर विल्हेल्म संस्था. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र असं तिचं लांबलचक नाव. १९२७ साली सुरू झालेली, म्हणजे अगदी नवी कोरी. संचालक ऑयगेन फिशर. त्या काळचं मोठं नाव.

फिशर यांनी १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, गोरे आणि स्थानिक यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता. त्यावर १९१३ साली पुस्तक लिहिलं. अशा मिश्रणानं गोऱ्यांचं नुकसान होतं, असं त्यांचं मत होतं. १९२१ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला आनुवंशिकतेचा ग्रंथ जर्मनीत प्रमाण मानला जायचा.

अशा माणसाच्या हाताखाली आपली विद्यार्थिनी. तिला विषय मिळाला मानवी कवटीचा. आपली कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते. डावी आणि उजवी बाजू यांत थोडा फरक असतो. फिशर यांचा अंदाज असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा विचार करणारा भाग जास्त वाढलेला असतो, म्हणून त्याच्या कवटीत डाव्या-उजव्यातला फरकही जास्त सापडेल. इतरांच्या कवट्यांत तो कमी असेल. थोडक्यात, गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ हे आधीच ठरलेलं. आता त्याला हाडांचा पुरावा तेवढा हवा होता.

मोजलं आणि लिहिलं

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. त्यात युरोपीय माणसांच्या होत्या, तशा युरोपाबाहेरच्याही. एकेका कवटीची डावी बाजू मोजायची, उजवी मोजायची, आकडे लिहायचे, तुलना करायची. काम किचकट आणि कंटाळवाणं.

या कवट्या आकाशातून पडल्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. त्या काळी बर्लिनमध्ये आफ्रिकेतल्या आणि इतर वसाहतींतून आणलेल्या कवट्यांचे मोठे साठे होते. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजेनं नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली. त्यांच्यातल्या कितीतरी मेलेल्या माणसांची डोकीसुद्धा अभ्यासासाठी म्हणून जर्मनीला गेली. २०११ पासून जर्मनीनं त्यातल्या काही कवट्या नामिबियाला परत केल्या. विज्ञानाच्या टेबलावरची वस्तू कधीतरी कुणाचा तरी बाप किंवा बहीण होती, हे त्या काळच्या प्रोफेसरांच्या गावीही नव्हतं.

आकडे काय म्हणाले? कवट्यांमध्ये डाव्या-उजव्याचा फरक होता. पण तो सगळीकडं होता. गोऱ्यांमध्ये जास्त आणि इतरांमध्ये कमी असं काही सापडलं नाही. वंशाचा आणि त्या फरकाचा संबंध लागत नव्हता.

आता तुम्ही तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गाइडला काय हवंय हे माहीत आहे. डिग्री त्याच्या हातात आहे. दोन वर्षं खर्च झालीत, परत जाऊन कर्ज फेडायचंय. आपण गुलाम देशातून आलोय, त्यात बाई. आकडे थोडे इकडे तिकडे केले, दोनचार वाक्यं गोलमोल लिहिली, तर कुणाला कळणार होतं? आजही कितीतरी प्रोजेक्टमध्ये हेच होतं. आधी निष्कर्ष ठरतो, मग रीडिंग त्याच्या मागं धावतात. बारावीच्या जर्नलपासूनच ही सवय लागते.

इरावतीबाईंनी असं केलं नाही. प्रबंधात जे सापडलं तेच लिहिलं. भाषण ठोकलं नाही, घोषणा दिली नाही. कवटीच्या तिरपेपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही, एवढं शांतपणे नोंदवलं. डॉक्टरेट मिळाली आणि १९३० साली त्या पुण्याला परत आल्या. पुढच्या वर्षी तो प्रबंध जर्मनमध्ये छापला गेला.

पुढं त्या संस्थेत काय झालं?

इरावतीबाई परत आल्यावर तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला. १९३३ च्या जुलैमध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइन नदीच्या भागातल्या मिश्र वंशाच्या मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली. त्या कामी या संस्थेतल्या तज्ज्ञांनी मदत केली.

१९४२ साली फिशर निवृत्त झाले आणि ओटमार फॉन फेर्शुअर संचालक झाले. त्यांचा एक शिष्य योसेफ मेंगेले. तोच तो आउश्वित्झच्या छळछावणीतला डॉक्टर. छावणीत मारलेल्या माणसांचे अवयव आणि रक्ताचे नमुने तो डालेमच्या या संस्थेत पाठवायचा.

युद्धानंतर फिशर यांच्यावर खटला झाला नाही. १९६७ साली ते म्हातारपणानं वारले. २०१४ साली त्या जुन्या संस्थेजवळ बांधकामासाठी खोदकाम चालू असताना माणसांच्या हाडांचे तुकडे निघाले. पुढच्या उत्खननात असे हजारो तुकडे सापडले. २०२३ साली ते बर्लिनमध्येच सन्मानानं पुरण्यात आले.

यावरून कळतं, की १९३० सालचा कवट्यांचा वाद नुसता कागदावरचा नव्हता. कुणाची कवटी कशी, यावरून पुढं कुणी जगायचं आणि कुणी मरायचं हे ठरणार होतं. एका प्रबंधानं ते थांबलं नाही, थांबणारही नव्हतं. पण जेव्हा थोर थोर माणसं मान डोलावत होती, तेव्हा एका विद्यार्थिनीनं हे आकड्यात बसत नाही असं लिहून ठेवलं, ही नोंद कायमची राहिली.

कुंभाराचं चाक

पुण्यात आल्यावर काही वर्षं त्यांनी सासऱ्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं. १९३९ साली डेक्कन कॉलेज नव्यानं सुरू झालं, तेव्हा त्या तिथं समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवायला लागल्या. त्या शेवटपर्यंत तिथंच रमल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी. गुजरातमधल्या लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले, त्यांचा अभ्यास या दोघांनी मिळून केला.

बाईंचं राहणंही वेगळंच होतं. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. नवऱ्याला नावानं हाक मारायच्या. आणि केमकरांनो, राग मानू नका, पण कुंकूही लावायच्या नाहीत!

मोजणं मात्र त्यांनी सोडलं नाही. गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली, रक्तगट तपासले. बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत त्यांनी आपल्याकडच्या जातींना लावली. प्रश्न मात्र वेगळा विचारला. फिशर विचारायचे, कोण वरचा? बाईंचा प्रश्न होता, ही माणसं एकत्र आली कशी?

त्यांचे गुरू घुर्ये यांचं म्हणणं होतं, की मूळ एका गटाचे तुकडे होत होत जाती आणि पोटजाती झाल्या. बाईंना ते पटलं नाही. त्यांनी कुंभारांचं उदाहरण घेतलं. आपण सगळ्यांना कुंभारच म्हणतो. पण जवळ जाऊन बघितलं, तर त्यात वेगवेगळे गट आहेत. त्यांचं चाक वेगळं, काम करायची रीत वेगळी, आणि आपसात लग्नं नाहीत. हे एका घरातून फुटलेले भाऊ नव्हेत. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या काळातली माणसं एकच धंदा करत होती, म्हणून त्यांना एकच नाव पडलं. त्यांच्या मते जात म्हणजे लग्नसंबंधांनी बांधलेलं एक मोठं नात्यांचं जाळं, आणि हिंदू समाज म्हणजे अशा अनेक जाळ्यांची गोधडी. हा सगळा विचार त्यांच्या १९६१ सालच्या ‘हिंदू सोसायटी’ या पुस्तकात आहे.

१९६८ साली त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रातले एकाच सामाजिक दर्जाचे आठ गट घेतले होते. दर्जा एक, पण लग्नं आपापल्या गटातच. शरीराची मापं आणि इतर लक्षणं तपासली, तर हे गट एकमेकांपासून वेगळे निघाले. म्हणजे दर्जा सारखा म्हणून शरीर सारखं, असं काही नाही. रिस्लीची पट्टी इथं मोडली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्नं केली, तर गटागटांत थोडे जैविक फरक पडणारच. एखादा रक्तगट इथं जास्त, तिथं कमी. फरक खरा आहे. पण त्या फरकाला वर आणि खाली असा क्रम नाही. ओ रक्तगट बी पेक्षा श्रेष्ठ, असं कोण म्हणेल?

बाईंवर टीकाही झाली, ती सांगायला हवी. जातीला लग्नाच्या गटापुरतं बघितलं आणि मोजपट्टीवर जरा जास्तच विश्वास ठेवला, असं पुढच्या काही अभ्यासकांनी म्हटलं. त्यात तथ्य आहे. जात म्हणजे नुसतं नात्यांचं जाळं नाही. त्यात सत्ता आहे, अपमान आहे, पाण्याची वेगळी विहीर आहे. ही बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठसठशीत मांडली. त्यांनी तर १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकाच्या मापांचे तेच आकडे उलटे वापरले आणि दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा आहे हे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. अस्पृश्यतेचं मूळ रक्तात शोधू नका, समाजात शोधा, हा त्याचा अर्थ.

पंढरीच्या वाटेवर

बाईंचा आपल्या जिल्ह्याशी संबंध आहे तो पंढरपूरचा. त्या पायी वारीला गेल्या. त्यावर लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख मराठीतल्या चांगल्या लेखांपैकी एक. आपल्या करमाळा तालुक्यातून निवृत्तिनाथांची पालखी जाते, त्यामुळं वारीचं वातावरण तुम्हाला सांगायला नको.

वाटेत त्या रमल्या, पण डोळे उघडे ठेवून. एकाच दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. दिवसभर एकत्र चालायचे, एकत्र अभंग म्हणायचे. जेवायची वेळ झाली, की पंगती वेगळ्या. बाईंना हे खुपलं. त्यांनी दोन्हीकडं जाऊन जेवायला सुरुवात केली. कवट्यांमध्ये जी भिंत सापडली नव्हती ती इथं पंक्तीत उभी होती. माणसानं बांधलेली.

शेवटच्या वर्षांत त्यांनी कोयना धरणामुळं उठलेल्या लोकांची पाहणी केली. बरोबर मुलगी जाई निंबकर होती. तो अहवाल १९६९ सालचा. उजनीच्या पाण्याखाली करमाळा तालुक्यातली गावं गेली ती त्यानंतर. घर-जमीन गेली की माणसाचं काय काय जातं, हे ज्यांच्या आजोबांनी भोगलंय त्यांना तो विषय वेगळा समजावून सांगायला नको.

आणि ‘युगान्त’. १९६७ साली पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भीष्म, गांधारी, कुंती, कर्ण यांना देव्हाऱ्यातून खाली आणून त्यांनी माणूस म्हणून बघितलं. खांडववन जाळलं तेव्हा त्यात कोण कोण जळालं, हा प्रश्न विचारला. बर्लिनमध्ये प्रोफेसरापुढं जी नजर होती, तीच इथं महाकाव्यापुढं होती. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

मग उत्क्रांती आपल्याला काय सांगते?

बाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं जगभरातल्या लोकांच्या रक्तातली प्रथिनं तपासली. माणसामाणसांत जेवढे आनुवंशिक फरक आहेत, त्यातले सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात, असं त्याला दिसलं. म्हणजे तुमच्यात आणि तुमच्या गल्लीतल्या मित्रात जे फरक आहेत, त्यांच्यापुढं वंशावंशांतले फरक अगदी किरकोळ.

२०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड यांच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या डीएनएचा अभ्यास केला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले वेगवेगळे लोक एकमेकांत भरपूर मिसळले आणि नंतर आपापल्यात लग्नं करण्याची रीत घट्ट झाली, असं त्यांना आढळलं. शुद्ध रक्ताचा कुणीच नाही. बाईंनी ज्याला गोधडी म्हणता येईल असं चित्र मांडलं होतं, त्याच्या धाग्यांतही आधीच सरमिसळ झालेली होती.

तत्त्वज्ञानाच्या अंगानं बघितलं तर यात तीन गोष्टी दडल्यात.

एक. निसर्गात काय घडतं हे एक, आणि माणसानं कसं वागावं हे दुसरं. वाघ हरणाला खातो म्हणून सावकारानं शेतकऱ्याला खावं, असं होत नाही. उत्क्रांती कसं झालं ते सांगते, काय करावं याची आज्ञा देत नाही. स्पेन्सर आणि गाल्टनच्या वाटेनं जाणाऱ्यांनी इथंच गल्लत केली.

दोन. लायक म्हणजे श्रेष्ठ नव्हे. लायक म्हणजे त्या जागेला, त्या वेळेला जुळणारा. भर उन्हाच्या प्रदेशात काळी कातडी कामाची, कमी उन्हाच्या प्रदेशात गोरी. जागा बदलली की हिशेब बदलतो. सोलापूरच्या मे महिन्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तीन. विज्ञान चुकतं, कारण ते माणसं करतात. रिस्ली आणि फिशर अडाणी नव्हते. त्यांच्याकडं उपकरणं होती, पदव्या होत्या. पण उत्तर आधी ठरलं होतं. त्यांची चूक उघडी पडली तीही मोजमापानंच. म्हणजे विज्ञान टाकून द्यायचं कारण नाही. उलट ते जास्त कडकपणे करायला हवं.

आज कवट्या कुणी मोजत नाही. पण मोबाइलवर रोज काहीतरी येतं. अमक्या देशाच्या लोकांचा बुद्ध्यांक एवढा. अमक्या जातीचा डीएनए सगळ्यात शुद्ध. बायकांचा मेंदू गणितासाठी नाहीच. खाली लिहिलेलं असतं की हे सायन्सनं सिद्ध झालंय. असं काही आलं, की पुढं ढकलायच्या आधी तीन प्रश्न विचारा. नेमकं काय मोजलं? किती जणांचं आणि कुणाकुणाचं मोजलं? आणि उत्तर मोजल्यावर सापडलं, की मोजायच्या आधीच ठरलेलं होतं?

आणि ‘परिपूर्ती’, ‘युगान्त’ ही पुस्तकं आपल्या कॉलेजच्या किंवा गावच्या वाचनालयात शोधा. नसतील तर ग्रंथपालांकडं मागणी नोंदवा. सुरुवात ‘युगान्त’पासून केलीत तरी चालेल.